दत्ताराम गणपत उतेकर, लेखक

उतेकरमामांवर मी यापूर्वी एकदा लिहिलं आहे. ते लोकांना फार आवडलं. माझ्या पुस्तकातला तो सगळ्यात लोकप्रिय लेख होता, आणि पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतून मीच तो काढायला लावला. प्रकाशकांनी कारण विचारलं तेव्हा पानं वाढतात असं काहीतरी सांगितलं. खरं कारण फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्या लेखात खोटं असं फारसं नव्हतं. एक शब्द मी गाळला होता, तेवढाच. पण जे मला ठाऊक होतं आणि तरी मी लिहिलं नाही, ते पुष्कळ होतं.

मी तेव्हा पोलादपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला जनावरांचा दवाखाना होता आणि उतेकरमामा तिथे ड्रेसर होते. सरकारी कागदावर या पदाला ‘व्रणोपचारक’ असं भारदस्त नाव आहे. काम म्हणजे जखमा धुवायच्या, जनावर धरायचं, लसीचा बर्फाचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्या तुडवायच्या. माणूस उंच, काटकुळा, शर्टाच्या बाहीवर औषधाचे पिवळे डाग, अंगाला फिनेलचा वास. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. खिशाला दोन पेनं असायची, एक निळं आणि एक काळं. ‘निळं सरकारचं, काळं माझं,’ असं सांगायचे. लस टोचलेल्या जनावरांची नोंद निळ्या पेनाने आणि स्वतःचं लिहिणं काळ्याने. एकदा निळं पेन आटलं तर समोर काळं असताना ते माझ्याकडे पेन मागायला आले होते.

खेडोपाडी लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. मामा प्रत्येकाला दुरुस्त करायचे.

“डॉक्टर खाली दवाखान्यात बसतात. मी ड्रेसर. आणि तसा मी लेखक हाय.”

“बरं,” समोरचा शेतकरी म्हणायचा, “पण म्हशीचं काय करायचं?”

मामा बाह्या वर सरसावून म्हशीकडे वळायचे. म्हशीचं झालं की मग खिशातून कार्ड काढून त्याच्या हातात द्यायचे. महाडला छापून आणलेलं साधं पांढरं कार्ड होतं ते. वर दत्ताराम गणपत उतेकर, त्याखाली लेखक, त्याखाली मुक्काम पोस्ट आणि तालुका. मला ते मी नोकरीवर रुजू झालो त्या आठवड्यातच मिळालं होतं. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “कशाचे लेखक?”

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. जरा विचार करून म्हणाले, “मराठीचा.”

माझ्या तोवर चार-पाच कथा छापून आल्या होत्या. तरी कोणी विचारलं की मी ‘थोडंफार लिहितो’ असं म्हणायचो. लोकांना तो विनय वाटायचा. ती भीती होती. लेखक म्हटलं आणि कोणी पुरावा मागितला तर काय दाखवायचं? हा शब्द आपला आपण घ्यायचा नसतो, संपादकाने, परीक्षकांनी, कोणीतरी वरच्या माणसाने तो द्यायचा असतो, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. मामांच्या लेखी तो सुतार, कुंभार यांच्यासारखा कामाचा शब्द होता. एकदा मी छेडलं तेव्हा म्हणाले, “म्हशीनं दूध दिलं. ते कोणी नेलं नाय, तर काय ते पाणी होतं?”

रोज पहाटे पाच ते सात ते लिहायचे. घर म्हणजे दवाखान्यामागची एक खोली. मामी पहाटेच चूल पेटवायच्या, म्हणून हे वह्या घेऊन दवाखान्यात यायचे आणि मलमपट्टीचं टेबल पुसून तिथे बसायचे. सकाळी मी कचेरीत शिरताना भेट झाली की मी काही विचारायच्या आधीच सांगायचे, “आज दीड पान.” एखाद दिवशी, “आज चार ओळी. पण बऱ्या हायत.” पावसापाण्याबद्दल बोलावं तसं, सहज.

महाडला चवदार तळ्याजवळच्या एका सभागृहात साहित्यप्रेमींचा मेळावा होता. पुण्याहून एक समीक्षक पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी सुरुवातीला सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितली. कोणी म्हणालं, मी नुसता वाचक. कोणी हौशी कवी, कोणी साहित्याचा नम्र सेवक. मी थोडंफार लिहितो म्हणालो. माझ्या शेजारी मामा होते. ते उठले.

“दत्ताराम उतेकर. लेखक.”

पाहुणे हसले. हसणं वाईट नव्हतं, मिस्कील होतं. “अरे वा. आपलं काय काय प्रसिद्ध झालंय?”

“अजून नाय,” मामा म्हणाले आणि खाली बसले.

सभागृह हसलं. त्या हशात माझाही आवाज होता आणि तो मला स्वतःला वेगळा ऐकू आला. परतीच्या एसटीत मी विचारलं, “मामा, लोक हसले त्याचं काही वाटलं नाही?”

“नवीन माणूस गोठ्यात शिरला की जनावरं कान टवकारतात. तसं ते,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पाहुणा चांगला वाटला. त्यानं काय काय लिवलंय ते विचारायचं राहिलं.”

पुढच्या हिवाळ्यात मला कुडपणला जायचं होतं. दुभत्या जनावरांच्या योजनेतली जनावरं खरोखर गोठ्यात आहेत का, ते बघून यायचं काम होतं. मामा लसीकरणाला निघाले होते, म्हणून आम्ही एकाच जीपने गेलो. वर पठारावर वारा असा की कागद हातात धरवेना. दुपारी एका आजीकडून निरोप आला की गाय अडली आहे. मामांनी डबा ठेवला, शर्ट काढून मला दिला आणि तासभर त्या गाईशी झटले. वासरू बाहेर आलं, पण मेलेलं. गाय उठून उभी राहिली, वासराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दाराबाहेर पाहत राहिली.

आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “ती वासराला बघत नाय. ते ज्या वाटंनं येनार होतं ती वाट बघते.”

मामांनी हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, माझ्याकडून शर्ट घेतला आणि खिशातून छोटी वही काढली. पण लिहिण्याआधी ते आजीजवळ जाऊन बसले.

“आजी, आत्ता बोललीस ते मी लिवून घेऊ का?”

“काय बोलले मी?”

मामांनी तिचं वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आजीने ते ऐकलं, जणू दुसऱ्या कोणाचं असावं तसं. मग म्हणाली, “घे की बाबा. बोलनं काय माझ्या एकटीचं हाय?”

तेव्हा त्यांनी ते लिहिलं. काळ्या पेनाने.

संध्याकाळी जीपची वाट पाहत आम्ही एका पारावर बसलो होतो. मामा म्हणाले, “दोन पानं वाचू काय? तुम्ही लिवणारे हायत, तुम्हाला कळेल.” मी हो म्हटलं. एका विधवेच्या बैलाची गोष्ट होती. सरकारने बैलाच्या कानात नंबरचा बिल्ला मारला आहे आणि आता दर वेळी कोणी ना कोणी येऊन तिला नंबर विचारतो. ती दर वेळी बैलाचं नाव सांगते. कानाकडे ती बघतच नाही. चारा घालताना, पाणी पाजताना त्या बाजूला जायचंच टाळते. एवढंच होतं त्या दोन पानांत. शब्द खडबडीत होते, एक-दोन ठिकाणी वाक्य लंगडत होतं. पण वाचून झाल्यावर मला त्या बाईच्या गोठ्यातून बाहेर यायला वेळ लागला.

त्या सुमारास चार महिने माझ्या हातून एक ओळ लिहून झाली नव्हती.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “जरा आटोपशीर करा.”

मामांनी मान डोलावली, वही उघडली आणि पानाच्या कडेला ‘आटोपशीर’ असं लिहून ठेवलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी त्यांच्यावर लेख लिहिला. मुंबईच्या एका दिवाळी अंकाकडून विनोदी व्यक्तिचित्राची मागणी आली होती आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी नाव बदललं, उतेकरचं ओंबळे केलं, दत्ताराम तसंच ठेवलं. कार्ड घेतलं, दोन पेनं घेतली, मलमपट्टीचं टेबल घेतलं. म्हशीला ते पहाटे कादंबरी वाचून दाखवतात आणि म्हैस पान्हा चोरते, दूधच देत नाही, असं एक पदरचं घातलं. सभेतला प्रसंग शेवटी ठेवला. ‘आपलं काय प्रसिद्ध झालंय?’ ‘नाय.’ तिथे लेख संपवला. ‘अजून नाय’ पेक्षा नुसत्या ‘नाय’ला हशा जास्त येतो, हे मला लिहिताना कळलं होतं. आजी, गाय, बिल्ल्याचा बैल यातलं मी काहीही घेतलं नाही. ते घेतलं असतं तर लेख विनोदी झाला नसता.

अंक आला आणि मी एका महिन्यात लेखक झालो. खरंच झालो. अनोळखी लोकांचे फोन आले. कोणीतरी पानांचे फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकले. महाडच्या एका कार्यक्रमात निवेदकाने ‘सुप्रसिद्ध लेखक’ म्हणून माझं नाव पुकारलं आणि मी मागे वळून न बघता उठलो.

तालुक्यात ओंबळे कोण हे ओळखायला कोणाला कष्ट पडले नाहीत. दवाखान्यात म्हैस घेऊन आलेली माणसं विचारू लागली, “काय लेखक, हिला आज कुठला धडा वाचताय?” आमच्या कचेरीतही तेच. मी खुर्चीत बसून कागद चाळत असायचो.

आठवड्याभराने मामा माझ्या टेबलाशी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत अंक होता. महाडला जाऊन विकत आणला होता.

“बसा मामा,” मी म्हणालो.

ते बसले. “दोनदा वाचला. चांगला लिवलाय. वाक्यं नीट चालतात. आटोपशीर हाय.”

टोमणा नव्हता त्यात. टोमणा मारणं त्यांना जमत नसे. मला मात्र कुठे बघावं ते कळेना.

“तुम्हाला वाईट वाटलं असेल तर...”

“म्हशीचं काय नाय. गंमत हाय ती. एकच चूक राहिलीय.” त्यांनी अंक उघडून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “मी त्या दिवशी ‘अजून नाय’ म्हणालो होतो. तुम्ही ‘नाय’ लिवलंत. ‘अजून’ राहिलं.”

“हो. छापताना राहिलं असेल,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. छापणाऱ्याची चूक आणि लिहिणाऱ्याची चूक यातला फरक त्या माणसाला नक्की कळत होता.

“पुढं कुठं छापलात तर घाला,” ते म्हणाले, अंक पिशवीत ठेवला आणि गेले.

त्यानंतर त्यांनी कोणाला कार्ड दिल्याचं मी पाहिलं नाही. सकाळी भेट झाली तर पानांचा हिशोबही सांगेनात. मला हायसं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दीड वर्षाने मामा सेवानिवृत्त झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात निरोपसमारंभ झाला. नारळ, शाल, चार भाषणं. मामी पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. भाषणं संपत आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “महाडिकांना तो लेख वाचू द्या.” सगळ्यांनी लावून धरलं. माझ्या मोबाइलमध्ये लेख होता. कार्यक्रमांसाठी तो मी कायम जवळ ठेवायचो.

नाही म्हणता आलं असतं. मी मामांकडे पाहिलं, ते म्हणाले, “वाचा की.” मी वाचला. जिथे जिथे लोक हसतात तिथे तिथे थांबत वाचला, कारण तोवर मला त्या जागा पाठ झाल्या होत्या. शेवटचा प्रसंग आला. ‘अजून’ हा शब्द माझ्या तोंडात होता. एक शब्द म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण व्हरांडा हसायच्या तयारीने पुढे झुकला होता.

“नाय,” मी वाचलं.

खूप हसले लोक. मामाही हसले, गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे बघत. मामी हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची शाल उलगडली आणि पुन्हा तशीच घडी घातली.

पुढे माझी बदली महाडला झाली. मामी गेल्याचं मला उशिरा कळलं. मामा तुडीलला मुलीकडे राहायला गेले, हेही कोणाकडून तरी कळलं. माझं पुस्तक निघालं, त्यात लेख होता तसाच आला. तुडील महाडपासून लांब नाही. पाच वर्षांत मी एकदाही गेलो नाही.

गेलो तो नव्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा. मनाशी ठरवलं होतं की ‘अजून’ घालायचं, पण त्याआधी मामांना विचारायचं. लेख ठेवू का, हेच विचारायचं. माणूस न विचारता उचलला होता, निदान इतक्या वर्षांनी तरी परवानगी मागावी. पहाटेच्या गाडीने निघालो. सावित्रीच्या काठाने धुकं होतं.

घर शोधायला अडचण आली नाही. साधं कौलारू घर, पुढे पडवी. मामांची मुलगी वंदना झाडत होती. तिने मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

“बाबांना भेटायचंय? लिवतायत. आठपर्यंत उठत नाय. बसा दादा, च्या टाकते.”

पडवीतून आतली खोली आणि तिची खिडकी दिसत होती. खिडकीशी मामा बसले होते, माझ्याकडे पाठ करून. केस पूर्ण पांढरे, खांदे अजून ताठ. बाजूला उंच वह्यांची चळत, खालच्या काही वह्या फुगलेल्या, पानं लाटांसारखी वाकडी झालेली.

वंदना चहा घेऊन आली. माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिलं. “पुराचं पाणी घरात आलं होतं ना. ट्रंक तरंगत व्हती. सहा वह्या पार गेल्या, अक्षर दिसत नाय. त्या परत लिवतायत. मला म्हणाले, वंदे, पहिल्यापेक्षा बरं जमतंय, पाण्यानं काम केलं.”

ती हसली. मीही हसलो.

“नेमाचे आहेत,” मी म्हणालो.

“नेमाचे कसले. मधी दोन वर्षं पेन धरलं नव्हतं.” ती खांबाला टेकून उभी राहिली. “पोलादपूरला हापिसातल्या कोणीतरी त्यांच्यावर लिवलं होतं. हसण्यासारखं. आई सांगायची. त्या माणसाचं नाव बाबांनी कधी घेतलं नाय. वाईटपण बोलले नाय. फक्त लिवायचं बंद केलं. हात दुखतो म्हणायचे.”

चहा गरम होता, पण मी तो तसाच पिऊन टाकला.

“मग?”

“मग एक दिवस पाचाला उठले नि बसले आपले. मी म्हटलं, बाबा, हात बरा झाला? म्हणाले, हाताला काय झालं नव्हतं गो. दोन वर्षं मी लेखक नव्हतो. कोणाच्या ध्यानात आलं नाय. माझ्या आलं.”

ती कप उचलायला वाकली. आतून पेनाचा आवाज येत नव्हता, एवढ्या लांबून येणार नव्हताच, पण हात हलताना दिसत होता. ओळ संपली की खांदा किंचित डावीकडे यायचा आणि पुन्हा सरकत जायचा.

“तशी आठाला वीस मिनिटं हायत,” वंदना म्हणाली. “पण तुम्ही लांबून आलात. जाऊन सांगते. कोण आलंय म्हणून सांगू?”

माझ्या पिशवीत प्रुफं होती, पहिल्या पानावर माझं नाव. गेली सहा-सात वर्षं कोणीही विचारलं की जे उत्तर मी न अडखळता देत होतो, ते त्या पडवीत माझ्या तोंडातून निघेना.

“पोलादपूरला कारकून होता तो महाडिक, असं सांगा.”

नाव ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती आत गेली. मला दिसलं, तिने वाकून काहीतरी सांगितलं. हलणारा हात थांबला. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. मग त्यांचा आवाज आला, तोच, सावकाश.

“बसव त्यांना. एवढं पान झालं की येतो.”

आणि हात पुन्हा चालू लागला.

मी बसायला हवं होतं. पान संपेपर्यंत बसायचं एवढंच काम होतं. मला महाडची गाडी होती, ती चुकली असती तर दुसरी होती. पण ते बाहेर येतील, माझी विचारपूस करतील, नवीन काय लिहिताय म्हणून मनापासून विचारतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी रागावावं अशी तयारी करून मी आलो होतो. या गोष्टीची नव्हती.

वंदना स्वयंपाकघरात होती. मी चपला पायात अडकवून पायऱ्या उतरलो. घराला वळसा घालून जाणारी वाट त्या खिडकीखालूनच होती. मी मान खाली घालून निघालो, पण खिडकीपाशी आल्यावर पाहिल्यावाचून राहवलं नाही. चष्मा नाकावर घसरलेला, ओठ हलत होते, वाक्य मनाशी म्हणून बघत असावेत. पान संपलं होतं. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी पान उलटलं, तळहाताने दोनदा सपाट केलं आणि पुढे लिहू लागले.